डाव्या चाकाची रेघ

अपघातांच्या चौकशीत प्रमोदिनीबाईंची वीस वर्षं गेली होती. आताशा दारात कुणी आलं, की आधी थकवाच यायचा.

कडुबा शेंद्र्याच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट आला होता.

"लेक उद्या सही करनार हाय, ताई. विमान मीच आपटलं म्हनून. मंग लायसन कुठलं मिळतंय तिला?"

"आपटलं का?"

"ती म्हनती, हळूच टेकवलं. तरी डाव्या चाकाचा पाय मोडला."

"नवशिकी आहे, आपटलंच असणार," वाटेत बाईंचा मदतनीस विश्वजीत म्हणाला.

चिकलठाण्याच्या विमानतळावरच्या हँगरात ते छोटं विमान डावीकडे कलून उभं होतं. सोमवारी अपघात होताच त्याला सील लागलं होतं. बाईंनी दोरीबाहेरूनच चाकं पाहिली. दोन्हींवर एकेक सलग लाल रेघ होती. उजवी विटलेली, डावी लालभडक.

"ही कशाला?" त्यांनी मेकॅनिक बद्रीनाथला विचारलं.

"टायर आन् रिम मिळून ओढतो. विमान आपटलं की टायर सरकतं, रेघ तुटती. मंग मी उडू देत नाय."

"कधी ओढता?"

"सहा महिन्याला, दोन्ही चाकं जोडीनं. एकच कधी नाय. शनिवारी पाह्यल्या तवा दोन्ही धड व्हत्या."

"रविवारी?"

"सुट्टी. चितेगावला भावाकडं व्हतो. सोमवारी घाईत नजर टाकली, रेघ सलग दिसली, सोडलं."

मालक हिमांशू घड्याळ बघत होता. "रविवारी मीच एक फेरी मारली. अलगद उतरलो. उगाच वेळ घालवताय."

बाईंनी कडुबाला आणि त्याच्या लेकीला, मेघाला, बोलावून घेतलं. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"डावी रेघ तुटलेली नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे सोमवारी मेघानं विमान आपटलं नाही."

"मग पाय मोडला कसा?" विश्वजीतनं विचारलं.

"आधीच तडा गेला होता म्हणून. डावी रेघ ताजी आहे. एकच चाक रंगवणारा हात बद्रीनाथचा नाही. शनिवारी धड असलेली रेघ रविवारी तुटली, म्हणूनच ती कुणीतरी पुन्हा ओढली. आणि रविवारी विमान नेलं एकट्या हिमांशूंनी."

"मला तर वाटायला लागलं होतं, माझाच हात चुकला," मेघा पुटपुटली. कडुबानं तोंड फिरवून डोळे पुसले.

हिमांशू खाली बसला.

"दुरुस्तीत महिना गेला असता. वाटलं, एखादी फेरी निघून जाईल."

"त्या फेरीत मी होते, सर," मेघा म्हणाली.