आठ फर्न, मुद्दाम खोल

ही गोष्ट निघाली की तिचे कान आजही लाल होतात, आणि व्हायलाच हवेत. गणिताच्या बाईने इतका धडधडीत खोटेपणा करायचा म्हणजे काय!

झालं असं, की नर्सरीवाला पत्ता चुकून तिच्या दारात आला, शेजारच्यांचे गुलाब घेऊन. आमच्याकडे गुलाब कुठले जगायला, ती म्हणाली, मागे नुसती झाडी आणि अंधार. त्याने मागे जाऊन पाहिलं. दाट झाडांखालची ओली, थंड सावली, कुजका पाला... त्याचा चेहरा असा काही खुलला, की तिला हसूच आलं.

पुढच्या रविवारी तो फर्नची आठ रोपं घेऊन आला. चिवट जात, कडाक्याच्या थंडीतही हिरवीगार राहणारी. लावताना त्याने एकच गोष्ट दहादा बजावली – कोंब फुटतात तो गड्डा मातीच्या वर राहू द्या, पुरलात तर कुजेल. तिने ऐकलं. निदान तो बोलत असताना त्याच्याकडे बघत तरी राहिली.

मग तो दर रविवारी 'सहज बघायला' येऊ लागला. पाला सारखा करायचा, बाबांनी केलेला चहा प्यायचा. ती वह्या तपासायला नेमकी मागच्या पायरीवर बसायची, आणि त्या दिवसांत पोरांना मार्कही सढळ हाताने मिळायचे. बाबा पेपरामागून म्हणायचे, या रोपांची तब्येत फारच नाजूक दिसते बुवा.

पण रोपं ठणठणीत होती, तिथंच घोटाळा झाला. एका रविवारी तो म्हणाला, आता माझी काही गरज नाही. शिवाय महिनाअखेर नर्सरीही हलतेय, डोंगरापलीकडच्या गावात. ती फक्त "बरं" म्हणाली. रात्रभर मात्र स्वतःवरच चरफडत राहिली.

शनिवारी शाळेतून आल्या आल्या तिने खुरपं घेतलं आणि आठही गड्डे मातीखाली गाडले. मग निरोप धाडला, रोपं मान टाकताहेत, लवकर या.

तो तासाभरात आला. उकिडवा बसून त्याने माती चाचपली. ताजी, भुसभुशीत माती.

"मी अशी लावली नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मग कुणी..."

"मीच." ती म्हणाली. "तुम्ही परत यावं म्हणून. आता काय समजायचं ते समजा."

त्याने पहिलं रोप हलकेच वर घेतलं, भोवतीची माती दाबली.

"त्या गावात शाळा आहे," वर न बघताच तो म्हणाला. "गणिताची जागा रिकामी आहे. मी... दोनदा विचारून आलोय."

त्याने नळावर कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट झटकला.

"बाबा आहेत ना घरात?"

आणि उत्तराची वाट न बघता तो आत गेलासुद्धा. उरलेली सात रोपं तिला एकटीलाच वर काढावी लागली. कान इतके आतल्या बोलण्याकडे लागले होते, की त्यातली दोन तिरकी बसली, ती कायमचीच.