आधी जेवणारी

"झालं का वन्सं तुमचं जेवण? नाही, उरलंसुरलं आम्हा गरिबांना मिळेल ना, म्हणून विचारलं!"

स्वयंपाकघराच्या दारात एक हात कमरेवर आणि दुसरा आठ महिन्यांच्या पोटावर ठेवून भावजय उभी होती. ताईचा घास हातातच राहिला. सकाळचे अकरा वाजत होते, घरात अजून कुणी पानावर बसलं नव्हतं, आणि ताईच्या ताटात मात्र भात होता, दोन भाज्या होत्या, आल्याचं गरम सूप होतं... प्रत्येक पातेल्यातलं थोडं थोडं, सगळ्यांच्या आधी! तिने मान खाली घातली आणि घास गिळला. 

ताई वीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबत होती. तिथे मुलांना वाढण्याआधी अर्धा तास स्वयंपाकिणीने स्वतः जेवायचं, असा नियम होता. तिला काही झालं नाही, तरच मुलांची ताटं मांडायची. ताईने तो नियम दरवर्षी पावसाळ्याचे चार महिने घरातही चालवला होता. पाणी वीस मिनिटं खळखळ उकळायचं, भाज्या मिठाच्या पाण्यात धुवायच्या, कच्चं काही नाही, बाहेरचं काही नाही, सकाळचं संध्याकाळी नाही. आणि सगळं झालं, की आधी आपण जेवायचं अन् भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं! वाईट व्हायचंच असेल, तर ते आधी माझं होऊ दे... एवढंच तिच्या वेड्या अंतःकरणात असे. घरच्यांना मात्र दिसे ती एक बाई, जिला भावाच्या गरोदर बायकोचीही वाट बघवत नाही!

आणि यंदाचं पाणी फारच वाईट होतं. सोळा दिवस झाले, आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. गटारं रस्त्यावर आली होती, नळाला गढूळ धार येत होती, शाळा बंद होती. समोरच्या शिंप्याच्या घरातली दोन माणसं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात गेली आणि त्यांतलं एकच परत आलं. रोज सकाळी ताई खिडकी उघडे, ती आज कुणाच्या दारात गर्दी आहे हे बघायला. 

असाच पाऊस तीस वर्षांपूर्वी पडला होता. तेव्हा या घरात आणखी एक बहीण होती, मधली, सात वर्षांची, बडबडी. आदल्या दिवशीचा भात खाल्ल्याचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत ती गेली! बाबा दारात उभे राहून गरजले होते, "कुणी वाढलं तिला ते शिळं?" पंधरा वर्षांच्या ताईने आईच्या पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती म्हणाली, "मी."

तिने वाढलं नव्हतं! पण तो एक शब्द जन्मभर तिच्या कपाळी चिकटला. 'बहिणीला शिळं घालणारी' म्हणून ठरत आलेलं लग्न मोडलं, बाबा मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. आणि आई... आई खिडकीशी बसून राहिली. ताई ताट पुढे ठेवायची, आई मान वर न करता जेवायची. तीस वर्षं!

भावजयीच्या त्या टोमण्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, भाऊ आपल्या चष्म्याच्या दुकानातून चिंब भिजून आला. शर्टाच्या आत जपून धरलेला पुडा त्याने बायकोपुढे धरला.

"घे. चार दिवस नाव काढतेयस ना? मीठ-तिखट लावलेले पेरू! शेवटचा पुडा होता, गाडीवाल्याने गाडी झाकलीसुद्धा."

भावजयीचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. ताई मात्र हातातलं काम टाकून धावली. "अरे, कोपऱ्यावरच्या गाडीचे ना हे? ती गटाराला खेटून उभी असते रे! सकाळचे चिरलेले असणार. मी तुला घरी पेरू शिजवून..."

"ऐकलंत का? शिजवून पेरू!" भावजय म्हणाली. "उद्या वन्सं आपल्याला हवासुद्धा उकळून देतील!"

भाऊ हसला. पण ताईचा हात पुड्याकडे आणि नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेलेली पाहताच त्याचं हसू मावळलं. "फेकायचं नाही हं, ताई! तुझाच नियम ना? मग आधी तू खा आणि दे तिला. संपवा एकदाची कटकट!"

ताईने एक फोड तोंडात घातली. जिभेला चुरचुरलं... ही पेरूची चव नव्हती, हे आंबलेलं होतं!

"नको, हे उतरलंय..."

"कच्चा पेरू आंबटच असतो हो वन्सं!" म्हणत भावजयीने हात पुढे केला. बांगड्या भरलेला, गोरा, भरल्या दिवसांचा तो हात पुड्यापासून वीतभर अंतरावर होता आणि ताईला त्या क्षणी दुसरं काही म्हणजे काही सुचलं नाही. तिने पुडा छातीशी ओढला आणि खायला लागली. एकामागून एक, न चावता, डोळ्यांतून पाणी गळत असताना... शेवटची फोड गिळून तिने कागद चुरगळला.

 मग भावजय हुंदके देऊन रडायला लागली.

"हावरट!" भाऊ ओरडला. "एका बहिणीला शिळं घालून मारलंस, आता माझ्या पोराच्या तोंडचा घास काढतेस? उद्यापासून या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही! शाळेजवळ खोली बघ आणि तिथे बैस एकटी गिळत!"

खिडकीशी बसलेल्या आईचे ओठ हलले. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको, आई...

सकाळी ताईला उठवेना. डोळे खोल गेले होते, ओठ निळे पडले होते. भावाने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिचं अंग हाताला गार लागत होतं. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला.

"काय खाल्लं होतं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता विचारलं.

"गाडीवरचे कापलेले पेरू."

"घरात आणखी कुणी खाल्ले?"

"नाही. तिने... तिने कुणाला दिलेच नाहीत. माझ्या बायकोसाठी आणले होते. आठवा महिना आहे तिला."

डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. "मग यांचे पाय धरा. आठव्या महिन्यात हे झालं असतं, तर आई आणि बाळ, दोघांपैकी कुणाचीच हमी मी दिली नसती."

 ताई आधी का जेवायची, ते आता भावाला उमगलं. रडत रडत त्याने तिचं ते आधी जेवणं, अर्धा तास घड्याळाकडे बघत बसणं, सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "पण चाखून हे कळत नाही हो. आजार अंगात उतरायला कितीतरी तास जातात. अर्ध्या तासात काय दिसणार?"

ताईने ते ऐकलं. म्हणजे इतके पावसाळे ती घड्याळाकडे बघत बसली ते फुकटच! तिला स्वतःचंच हसू आलं आणि रडूही आलं.

दुपारी कुणाचा तरी आधार घेत आई आली. कित्येक वर्षांत तिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कॉटची दांडी घट्ट धरून ती मुलाला म्हणाली, "तो भात मी वाढला होता. हिने नाही. मी!"

"तिचं वय झालंय रे," ताई क्षीण आवाजात पुटपुटली. "काहीतरी बोलते. मीच वाढला होता..."

"नको गं बाई! आता तरी नको झाकूस मला!" आईने कपाळ दांडीवर आपटलं. "मी पापीण गप्प राहिले, कारण मला भीती होती. पण तू का घेतलंस अंगावर? पंधरा वर्षांचं लेकरू तू... का गं?"

ताईने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. शब्दाशब्दाला तिला दम लागत होता.

"बाबांनी तुला त्याच दिवशी घराबाहेर काढलं असतं, आई... आणि हा सहा महिन्यांचा होता. अंगावर पीत होता. पाणी असं, दूध असं... बाहेरच्या दुधावर हा वाचला असता का?"

भावाने तिचे पाय धरले. "ताई, शिवी दे मला! मार मला! पण अशी बघू नकोस गं..."

"खूप रडायचास तू तेव्हा," ती म्हणाली आणि पुसटशी हसली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा येऊन नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली आणि नर्सला हाक मारली.

संध्याकाळी ताई गेली, तेव्हा तिचा एक हात आईच्या हातात होता आणि दुसरा भावाच्या. नर्सने दोनदा सांगूनही दोघांपैकी कुणी तो सोडला नाही.