एकाच वायरवरच्या दोन डिस्क

अंजली गेली भाद्रपदात. तिचा आवाज गेला माघात, एका रविवारी संध्याकाळी.

संतोष दिंडोरीच्या एका बागेतलं शूटिंग आटोपून गंगापूर रोडच्या घरी आला होता. पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ. लग्नांचे, वायनरीचे, शाळांच्या संमेलनांचे व्हिडिओ तो तिथेच तयार करायचा. आज अंजलीची रेकॉर्डिंग ऐकायची असं त्याने येतानाच ठरवलं होतं. आजारपणात ती माइकसमोर बसून मुलीसाठी, निकितासाठी, बोलून ठेवत असे. पुरणाची डाळ किती शिजवायची, कुठल्या आत्याला आधी फोन केला नाही तर ती रुसते, पप्पांचा राग कसा उतरवायचा. ते ऐकायचा धीर संतोषला इतके महिने झाला नव्हता.

त्याने कॉम्प्युटरच्या मागे हात घातला, चाचपडत बटण शोधलं आणि चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले. मग जळका वास आला. पडद्यावर एकच सूचना: डिस्क सापडत नाही.

आत दोन डिस्क होत्या. एकीवर काम, दुसरीवर त्याची नक्कल. दोन्ही मेल्या होत्या.

आदल्याच दिवशी वसीम येऊन कॉम्प्युटर साफ करून, पंखा बदलून गेला होता. त्याचं दुरुस्तीचं दुकान त्याच रस्त्यावर, घरासमोरच. संतोष तसाच उठला आणि तिकडे गेला. दुकानात गिऱ्हाईकं होती. त्यांच्यादेखत तो वसीमला वाटेल ते बोलला, आणि निघताना म्हणाला, "तुम्हा लोकांना घरात घेतलं, हीच चूक झाली."

वसीमने हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "वहिनींचं रेकॉर्डिंग त्यातच होतं ना, संतोषभाऊ?" त्याने एवढंच विचारलं.

संतोष रस्ता ओलांडून घरी परतला.

दोन दिवसांनी त्याने मेहुणीला बोलावलं. रोहिणी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिने जाणकार म्हणून चार ओळी लिहून द्याव्यात, म्हणजे वसीमवर पोलिसांत तक्रार करता येईल, असा त्याचा बेत होता. रोहिणीने कागद बाजूला सारला आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. कॅबिनेट उघडून ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

"वसीम निघाला तेव्हा हा चालू होता?"

"होता. चालवून दाखवला त्याने."

"डिस्क दिसत होत्या?"

"दिसत होत्या. पण काहीतरी सैल ठेवून गेला असणार."

"सैल राहिलं तर चालत नाही, दाजी. जळत नाही."

"मग लाइटचा झटका."

"यूपीएस ठणठणीत आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, सगळं जिवंत आहे. झटका काय माणसं बघून बसतो?" तिने कॅबिनेटच्या मागे हात घातला. "मागचं बटण चाचपडत शोधलं म्हणालात. रोजचंच बटण ना?"

संतोषला ते आत्ता आठवलं. रोज ते हात घातल्याबरोबर लागायचं. त्या दिवशी लागलं नव्हतं.

निकिता दारात उभी होती. ती ॲनिमेशन शिकत होती. आतल्या खोलीत तिचा वेगळा कॉम्प्युटर होता. रोहिणीने सहज विचारल्यासारखं विचारलं, की दिवाळीत तुझा कॉम्प्युटर काम करता करता बंद पडायचा, त्याचं काय झालं? उत्तर संतोषनेच दिलं, थोडं कौतुकाने. आता झकास चालतो. काल अख्खी दुपार तिचं काम चाललं होतं, एकदाही बंद पडला नाही.

"मी चहा टाकते," निकिता म्हणाली.

"चहा राहू दे. बस इथे."

रोहिणीने कॅबिनेटच्या कोपऱ्यातल्या लोखंडी डब्यावर बोट ठेवलं.

"हा पॉवर सप्लाय. भिंतीतून दोनशे तीस व्होल्ट येतात, ते आत कोणालाच झेपत नाहीत. हा त्याचे वाटे करतो. बाराचा वाटा प्रोसेसरला, पंख्यांना, डिस्कच्या मोटरला. पाचचा डिस्कच्या खालच्या पट्टीला, जिथे तिची चिप असते. तीनच्या थोडा वरचा मदरबोर्डावरच्या बारीक कामांना. तुमचं छोटं ग्राफिक्स कार्ड बोर्डातूनच घेतं. निकिताच्या मोठ्या कार्डाला मात्र डब्यातून वेगळी वायर लागते, आणि डबा कमी ताकदीचा असला की जोर आला की सगळं बंद."

"त्याचा इथे काय संबंध?"

"ज्या दोन डिस्क मेल्या त्या दोन्ही एकाच वायरवर आहेत, दाजी. बाकी कोणी त्या वायरवर नाही. ही वायर डब्यापासून सुटी होते. डिस्ककडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं. डब्याकडचं टोक मात्र जो तो आपल्या मनाने लावतो. एकाने जिथे पाच ठेवले, तिथे दुसऱ्याने बारा. प्लग बसतो, म्हणून माणूस फसतो. ही वायर या डब्याची नाहीच. वायर जुनी आहे, डबा बदललाय. बटण डब्यावरच असतं, म्हणून तर ते तुम्हाला सापडेना. वसीमने डबा बदलला असता तर डिस्क त्याच्यासमोरच जळल्या असत्या. तो गेल्यावर तुम्ही दिंडोरीला होतात, आणि घरात मोठा डबा हवा असलेलं एकच माणूस होतं."

संतोषने निकिताकडे पाहिलं.

"दोन्ही कॉम्प्युटरचे डबे मी अदलाबदल केले. बोर्डाच्या वायरीही बदलल्या," ती खाली बघत म्हणाली. "डिस्कची वायर वसीमचाचांनी पत्र्यामागून नेऊन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट बांधली होती. पट्ट्या कापल्या असत्या तर तुम्हाला कळलं असतं. मला वाटलं, प्लग बसतोय तर चालेल. तुम्ही घरी आल्या आल्या विचारलं असतंत, की न सांगता स्वतःपुरतंच का बघितलंस."

"तुला कळलं कधी?"

"त्याच रात्री. नेटवर वाचलं."

"आणि मी दुकानात गेलो तेव्हा?"

"खिडकीत होते. सगळं ऐकू येत होतं."

संतोषला रागवायचं होतं. निकिताने वायरीची चूक लपवली होती, आणि आईचा आवाज तिचाही गेला होता. पण दुकानातलं ते वाक्य तिने कोणाच्या तोंडात घातलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, आणि अंजलीने ते ऐकलं असतं तर ती त्याच्याशी बोलली नसती.

रोहिणीने डिस्क सोडवल्या. जळली ती खालची पट्टी, ती म्हणाली, आतल्या चकतीवरचं बहुतेक शाबूत असेल. जळलेला बारीक भाग काढून नीट सोल्डरिंग करणारा हात हवा. "तसा हात नाशकात कोणाचा आहे, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात."

"फोन करतो त्याला."

"त्या दिवशी फोनवर बोलला होतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक डिस्क पिशवीत घालून निघाले. वसीमच्या दुकानात गर्दी होती. पिंपळगावचा एक टेम्पोवाला मोबाईल घेऊन आला होता, दोन बायका प्रिंटरसाठी थांबल्या होत्या. संतोष अलीकडच्या बाजूला पानटपरीपाशीच थांबला. एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं येत होतं.

"पप्पा, त्या दिवशी दुकान रिकामं होतं का?" निकिताने विचारलं.

तो टपरीपाशीच उभा राहिला. तिने पिशवी घेतली आणि एकटीच रस्ता ओलांडून गेली. सगळ्यांसमोर हात जोडून ती काहीतरी सांगत होती. टेम्पोवाला वळून तिच्याकडे बघत होता. वसीमने ऐकून घेतलं, डिस्क हातात घेतल्या, उजेडात धरल्या. मग मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं. संतोषने नजर खाली घातली.

निकिता परत आली. "बघतो म्हणाले. तुमच्याबद्दल काही विचारलं नाही."

डिस्क अजून वसीमच्या टेबलावर आहेत. संतोष रोज त्या दुकानावरून जातो. ते वाक्य त्याने अजून मागे घेतलेलं नाही.