गेंड्याचा डावा खांदा

"जरा हे टोक धरा," ती मान वर न करता म्हणाली, आणि दारात पत्ता विचारायला थांबलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवून टोक धरले. साचा दोन भागांचा होता, पोट आणि पाठ. प्लास्टरचा एकेक भाग माणसाएवढा. हमाल अकराला यायचा होता, हा दहालाच हजर, म्हणून तिला जरा कौतुक वाटले. भाग उलटवून झाल्यावर त्याने अदबीने सांगितले की तो हमाल नाही, गेंडा आहे... बालनाट्यातला.

"बरंच झालं," ती म्हणाली. "माप आपल्या पायांनी चालत आलं."

गेंड्याच्या पोशाखाचा हा साचा तिच्या बाबांनी केलेला. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. पाठीच्या भागाला तडा गेला होता. त्यातून आणखी एकच पोशाख निघाला असता, शेवटचा. म्हणून तर तिने हे काम घेतले होते.

माप पहिल्याच दिवशी झाले, तरी तो रोज येत राहिला. तिच्या आत्याने तीन दिवस चहा दिला, चौथ्या दिवशी विचारले, "गेंडोबा, तुमचं माप रोज बदलतं का हो?"

लेटेक्स म्हणजे रबराचा चीक. दोन्ही भागांत आतून ब्रशने थरावर थर द्यायचे, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. अमोनियाचा वास डोळ्यांत जाई. साचा घेण्याआधी बाबांनी मूळ मातीच्या गेंड्यावर डाव्या खांद्याशी अंगठा टेकवला होता, तो खळगा प्रत्येक पोशाखावर उमटायचा. ती जागा दाखवताना तिचे डोळे भरले.

"रडताय?"

"वास आहे."

त्याने उठून खिडकी तेवढी उघडली.

मग दोन्ही भाग जोडून, मानेच्या भोकातून हात घालून तिने सांधा आतून लिंपला. सहाव्या दिवशी त्यांनी पाठ उचलली आणि तडा आरपार गेला. तीन तुकडे झाले, पण आतली लेटेक्सची कातडी शाबूत होती. ती सोडवत जाणार, तो टाल्कम पावडर मारत जाणार असे ठरले, कारण वाळलेले लेटेक्स स्वतःलाच चिकटले की सुटत नाही. तिने हे त्याला दोनदा बजावले होते. तरी डाव्या खांद्याची घडी पडली — पावडरीशिवायच — आणि घट्ट बसली.

"लक्ष कुठं होतं तुमचं?"

त्याने पावडरचा डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमच्याकडे."

तिने कात्री घेतली आणि तळहाताएवढा तुकडा कापून काढला. बाबांच्या अंगठ्याचा खळगा त्यातच गेला. 

तो खाली बसून प्लास्टरचे तुकडे उलटेपालटे करू लागला. त्यातला एक त्याने तिच्यापुढे टेबलावर ठेवला. डावा खांदा. अंगठ्याचा उंचवटा जसाच्या तसा.

"ठिगळापुरतं होईल?"

तिने बोट फिरवून पाहिले. मग ब्रश त्याच्या हातात दिला. थर वाळेपर्यंत दोघे त्या तुकड्याशी बसून राहिले, आणि बाबा ब्रश कसा धरायचे ते तिने आपणहून सांगितले.

ठिगळ बसले. कडा मिळून आल्या. खळगा आपल्या जागी.

"प्रयोग संपले की कातडी आणून देईन," तो दारात म्हणाला.

"कातडी नाटकाकडे राहू दे," ती हात पुसत म्हणाली. "आतला माणूस... येऊ दे."