लिंबात बुडवलेली हाडं

"ही हाडं कुणी धुतली? बोला ना, कुणी?" दिएगानने पोतं अंगणात उपडं केलं, आणि भाताचं झाकण काढणाऱ्या यांदेचा हात वाफेतच थांबला...

जोआल बंदराच्या धक्क्यावर माकुळं साफ करताना बायका त्यांच्या पाठीतलं पांढरं हाड कचऱ्यात फेकतात. त्याच कचऱ्यातून माणसाच्या मोडक्या हाडात भरायची भुकटी दिएगान डाकारच्या प्रयोगशाळेत बनवत होता. ज्या भावाच्या शिक्षणासाठी यांदेने आपली शाळा, आपलं लग्न, आपलं अवघं तारुण्य धुरात आणि खवल्यांत घातलं, त्याच्यासाठी तिने पाच महिने कंबर मोडून तीनशे अखंड हाडं वेचली होती!

"मी धुतली," ती म्हणाली. "लिंबाच्या रसात. दोन दिवस बुडवून."

"लिंबात? अगं ताई, आंबटाने हाडातला चुनाच विरघळतो! बघ, नुसतं बोट लावलं तरी लगदा! सोमवारी नमुने दिले नाहीत तर माझं काम बंद. काय दाखवू तिथे, चटणी?"

"लिंबाला कशाला शिव्या देतोस?" म्हातारी आई कुंबा चटईवरून कडाडली. "मासळीचा वास लिंबानेच जातो. तुझ्या आजीलाही ठाऊक होतं, शाळेत न जाता!"

"पण मी साधं पाणी सांगितलं होतं! वासाचं काय एवढं?"

वासाचं काय एवढं...! शिकलेल्याचं विसरणंसुद्धा किती निर्लज्ज असतं! यांदेच्या अंतःकरणात तीन वर्षं दाबून ठेवलेला निखारा भडकला.

"मी सुकी मासळी घेऊन तुझ्या प्रयोगशाळेच्या दारात आले होते, तेव्हा तुझ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. 'कोण ही?' म्हणाले. तू काय म्हणालास, दिएगान? 'मासळीवाली आहे, चुकून आत आली.' मी ऐकलं रे! तशीच परत फिरले. म्हटलं, या खेपेला माझा वास तिथवर पोचायला नको..."

आई चटईवरून उठून उभी राहिली. दिएगानने साहेबांना फोन लावला.

"सर, नमुने नासले. दोष माझा. तीन वर्षांपूर्वी दारात आलेली बाई मासळीवाली नव्हती... म्हणजे, मासळी विकतेच ती. माझी थोरली बहीण आहे. मला तिची लाज वाटली. म्हणून तिने हाडं लिंबात बुडवली." पलीकडून साहेबांचा आवाज चढत गेला. "हो, समजलं. सोमवारपासून येत नाही."

फोन हातातून गळाला, आणि दिएगान यांदेच्या पायाशी कोसळला.

यांदेने त्याचं डोकं मांडीवर ओढलं, केसांत बोटं रुतवली आणि रडता रडता ओरडली, "एवढं एक वाक्य बोलायला माझी तीनशे हाडं नासावी लागली का रे, मेल्या?"