नवऱ्याला बाहेर पाठवून

शुक्रवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस उरकून आखातातल्या देरा भागातल्या त्या इमारतीतले सगळे घरी गेले होते. हुमेरा तेवढी हातातला दस्त संपवायला थांबली होती. अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी तिकडचे दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे जमिनीचे दस्त टाइप करायचे, ही तिची नोकरी. काम रटाळ, पण नसत्या चौकशा करायची हुमेराची खोड जुनी.

त्या काळी तिकडे लग्न झालं की बाईच्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे जायचा. ती विकायची मात्र बाईच्या संमतीनेच. म्हणून न्यायाधीश नवऱ्याला बाहेर पाठवायचा आणि बाईला एकटीला विचारायचा, कुणाच्या धाकाने सही करतेस का? प्रत्येक दस्ताखाली एकच उत्तर : नाही. एकीनेही 'हो' म्हटलं नसेल? 'हो' म्हणणारीचा दस्त झालाच नसणार, हे हुमेराला फार उशिरा सुचलं.

जुम्म्याची नमाज पढून तिचा थोरला भाऊ यहया आला. रत्नागिरीच्या वाडीतला तिचा हिस्सा सोडल्याचा कागद त्याने पुढे ठेवला.

"सही कर, यल्ला, लवकर. मंडेला कॉन्सुलेटचा स्टॅम्प, की खलास."

"वाचते तरी, भाई."

"वाचायचं काय त्यात? सगळ्या बहिणी देतात. माहेर ठेवायचंय ना तुला?"

अब्बा-अम्मी गेल्यावर माहेर म्हणजे एवढा भाऊच उरला होता. हुमेराने पेन उचललं.

एसीची घरघर थांबली. त्या काचबंद खोलीत ओल्या लोकरीचा वास आला, पाठोपाठ विझलेल्या मेणबत्तीचा. यहया उठला आणि कुणी हुकूम दिल्यासारखा बाहेर गेला. दार हलकेच लागलं. खरं तर हुमेराने घाबरायला हवं होतं. पण आता पुढे काय होतं, याचीच तिला उत्सुकता वाटली.

समोरची रिकामी खुर्ची सरकली…

"कुणाच्या धाकाने सही करतेस का, बाई?"

आवाज दमलेला होता, एकच प्रश्न जन्मभर विचारून दमावा तसा. हुमेराने पेन खाली ठेवलं.

"हो…" ती म्हणाली. "माहेर तुटेल, या धाकाने."

एसी सुरू झाला. यहया आत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हुमेराने सही न केलेला कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तो पाहिलाही नाही.

"बाहेर बायका बसल्यात," तो कुजबुजला. "लिफ्टपासून खालच्या जिन्यापर्यंत… गोऱ्या, म्हाताऱ्या, पोरसवदा."

"काय म्हणतात?"

"त्या वेळी आम्ही 'नाही' सांगितलं होतं, म्हणतात…" त्याने पाठीने दार दाबून धरलं. "ते बदलून मिळेल का, विचारतात."