मिठाच्या दोन चकत्या

देवाजी तुमसरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. रोज सकाळी तो अवरक्त किरणांचं यंत्र सुरू करी, मिठाच्या दोन पारदर्शक चकत्या मधे काहीच न ठेवता त्यात बसवी आणि पहिला आलेख काढी. रिकाम्या चकत्यांची रेघ सपाट आली, की यंत्र ठीक.

हे काम त्याला त्याच्या लेकीनं, उर्वशीनं शिकवलं. अक्षरंही तिनंच शिकवली, पन्नाशीत, बाटल्यांवरची नावं वाचता यावीत म्हणून. ती तिथंच मिथेनॉलवर संशोधन करत होती. पहिल्या आठवड्यात देवाजीनं चकत्या नळाखाली धुतल्या आणि त्या पापडाएवढ्या पातळ झाल्या, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

"बाबा, मिठाच्या हायेत त्या. ताटं समजून घासल्या का?"

ओलं बोट लागलं तरी चकतीवर खळगा पडतो, हे मग तो कधी विसरला नाही.

मिथेनॉलचे रेणू एकमेकांचा हात धरतात, असं ती सांगे. रेणू एकटा असला की आलेखावर बारीक, टोकदार सुळका येतो. हात धरला की तोच सुळका सरकून टेकाडासारखा पसरतो.

दिवाळीआधी उर्वशी तापानं गेली. दवाखान्यातून तिनं केलेला शेवटचा फोन आईच्या, रुखमाच्या हातून चुकला होता. तेव्हापासून रुखमा मोबाइल पदरात बांधून फिरे आणि पहिल्याच घंटीला उचले.

तेरवीनंतर देवाजी कामावर आला. रिकाम्या चकत्या लावल्या. कागदावर सुळका उमटला. बारीक, एकट्याचा.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तृप्ती मॅडमनी चकत्या बदलल्या, मिथेनॉलच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत नेल्या, यंत्र तपासून घेतलं. सुळका येतच राहिला. कुठंतरी अंश राहिला असेल, असं म्हणून त्या तासाला निघून गेल्या.

देवाजीनं ते घरी सांगितलं, आणि सांगून चुकला. रुखमा रोज संध्याकाळी विचारू लागली.

"आजही एकटीच हाय का?"

"हो."

"लहानपणी एकटी झोपत नव्हती ते. माहा हात धरल्याबिगर डोळा लागे नाही तिचा."

असे चार महिने गेले.

सोमवारी डबा देताना रुखमा नुसती हसली. किती दिवसांनी हसली, असं देवाजीला वाटलं.

दहा वाजता त्यानं आलेख काढला. सुळका नव्हता. त्या जागी रुंद, सावकाश उतरणारं टेकाड होतं.

देवाजी स्टुलावर बसून रडला. पोरीचा हात कोणीतरी धरला होता.

मग त्यानं डोळे पुसले आणि चकत्या बाहेर काढल्या. नव्याकोऱ्या होत्या त्या. त्यानंच सकाळी पाकीट फोडलं होतं.

एका चकतीवर दोन खळगे होते. शेजारी शेजारी.

एक लहान बोटाचा.

दुसरा रुंद अंगठ्याचा, मधोमध तिरपी चीर. धान कापताना रुखमाला विळा लागला होता, तेव्हा त्या चिरेत त्यानंच हळद भरली होती.

त्यानं घरी फोन लावला.

पहिली घंटी वाजली.

दुसरी वाजली.

वाजतच राहिली.